काठावरची फजिती



वसंत ऋतूतील या ज्ञानसत्रात आजवर आपण राजकारण, अर्थकारण, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांवरची व्याख्याने ऐकलीत. त्यांच्या मागोमाग 'जहाज पाण्यात उतरवताना होणाऱ्या फजित्या' हा विषय पत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. ते हसू आम्हांला हवेच आहे. एखादे प्रचंड जहाज वाजतगाजत पाण्याकडे निघावे आणि वाटेतच रुसून बसावे, यात हसण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु ज्या काठावर फजिती होते त्याच काठावर, कधी कधी अवघ्या हातभर अंतरावर, अनर्थही उभा असतो. या दोहोंतला भेद कशाने पडतो, हे शोधणे हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

प्रारंभ एका जुन्या ओळखीच्या गृहस्थापासून करू. रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी वाचली आहे. डॅनियल डीफोने ती १७१९ साली प्रसिद्ध केली. निर्जन बेटावरून सुटण्यासाठी हा क्रूसो एक भला मोठा वृक्ष तोडतो, महिनोन्‌महिने खपून तो कोरतो आणि वीसपंचवीस माणसे बसतील अशी होडी तयार करतो. होडी उत्तम होते. फक्त ती जिथे तयार झाली तिथून पाणी शंभर यार्डांवर असते आणि ती एकट्या माणसाच्याने तसूभरही हलत नाही. मग तो पाणीच होडीकडे आणावे म्हणून कालवा खणण्याचा बेत करतो. हिशेब मांडतो, तो दहाबारा वर्षांचे काम निघते! होडी पाण्यापर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न त्याच्या मनात आला नव्हता असे नाही. तो वारंवार आला होता. पण 'आधी होडी तर होऊ दे' असे म्हणून त्याने प्रत्येक वेळी तो पुढे ढकलला. ही कथा कल्पित आहे, पण पुढे आपण ज्या खऱ्या हकिकती पाहणार आहोत, त्यांतल्या निम्म्याअधिक या एकाच वाक्यात सामावतात.

आता जहाज पाण्यात उतरते म्हणजे नेमके काय होते, हे थोडक्यात पाहू. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर होडी लोटतात, तेव्हा खाली लाकडे घालून त्यांना तेल किंवा चरबी फासतात आणि गावचे दहावीस गडी एका सुरात जोर लावतात. हेच काम हजारो टनांच्या जहाजाच्या बाबतीत करायचे, तर जोर माणसांचा पुरत नाही. तो पृथ्वीच्या आकर्षणाचा घ्यावा लागतो. म्हणून जहाज मुळातच एका उतरणीवर बांधतात. ते ज्या लाकडी चौकटीवर विसावलेले असते तिला पाळणा म्हणतात. उतरणीला चरबी आणि साबण यांचा जाड थर देतात. मग शेवटचे टेकू काढले की पाळण्यासकट जहाज घसरत पाण्यात जाते. बहुधा त्याची पिछाडी आधी पाण्यात शिरते.

सांगायला हे सोपे आहे. पण त्यात चार ठिकाणी घात आहे. पहिला घात म्हणजे जहाज हलतच नाही. उतार कमी पडतो, थंडीने चरबी गोठते किंवा एवढ्या भाराने उतरणीखालची जमीनच खचते. दुसरा घात मध्यावर असतो. पिछाडी पाण्याने उचलली जाते, पुढची बाजू मात्र अजून जमिनीवरच असते. त्या क्षणी जहाजाचा फार मोठा भार नाळेजवळच्या थोड्याशा जागेवर येतो आणि तेथील लाकूड चिरडू शकते. तिसरा घात तरंगल्यानंतरचा. जहाज रिकामे असते. तळाशी कोळसा नाही, माल नाही, खलाशी ज्याला नीरम म्हणतात ते वजनही पुरेसे नाही. अशा वेळी ते डोके जड झालेल्या माणसासारखे डुलू लागते. आणि चौथा घात म्हणजे ते थांबत नाही. नदी अरुंद असेल तर समोरच्या काठावर जाऊन आदळते. म्हणून त्याला साखळदंडांचे ढीग बांधतात, ते फरफटत जाऊन वेग मारतात.

'पाण्यात पडले म्हणजे पोहता येते' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती माणसाला लागू असेल. जहाजाला मुळीच लागू नाही. जहाजाला पोहणे आधी कागदावर यावे लागते.

मोठ्यांची गोष्ट सांगण्यापूर्वी धाकट्यांना विसरून चालणार नाही. अमेरिकेत हौशी लोक आपली लहानशी मोटारबोट चाकांच्या गाड्यावर ठेवतात, तो गाडा मोटारीला जोडतात आणि तळ्याकाठच्या सिमेंटच्या उतारावरून उलट्या चालीने तो पाण्यात नेतात. सुट्टीच्या दिवशी या उतारावर रांग लागलेली असते आणि मागचे सगळे लोक पुढच्याची परीक्षा पाहत असतात. बोटीच्या तळाशी साचलेले पाणी काढून टाकण्यासाठी एक भोक असते आणि त्याला एक बूच असते. बोट किनाऱ्यावर असताना ते काढून ठेवतात. पाण्यात उतरताना ते बसवायला विसरले की बोट तरंगते, मालक ऐटीत मागे वळून पाहतो आणि थोड्याच वेळात त्याचे पाय भिजू लागतात. कोणी गाड्याला बांधलेला पट्टा सोडायचा विसरतो. मग बोट गाडा सोडीत नाही आणि गाडा बोट सोडीत नाही. कोणी मोटारीचा हातब्रेक ओढायला विसरतो, आणि बोट काठावर राहून मोटारच जलविहाराला निघते. यांतली प्रत्येक चूक घरच्या अंगणात, निवांतपणे केलेल्या तपासणीत सापडली असती. ती घडते ती रांगेच्या धाकाने. मागचे लोक पाहत आहेत, उशीर होतो आहे, ही भावना माणसाच्या हातून बूच विसरायला लावते. ही रांग ध्यानात असू द्या. पुढे तिचे रूप बदलेल, पण ती आपली पाठ सोडणार नाही.

आता १७९७ सालच्या बोस्टन शहरात जाऊ. अमेरिकेचे स्वातंत्र्य नवे होते आणि तिच्या आरमारासाठी 'कॉन्स्टिट्यूशन' नावाची युद्धनौका तयार झाली होती. २० सप्टेंबर रोजी तिचे जलावतरण ठरले. राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स समारंभाला हजर होते. टेकू काढले, नौका हलली, लोकांनी जयघोष केला आणि २७ फूट जाऊन ती थांबली! एवढ्या भाराने उतरण खचली होती. दोन दिवसांनी पुन्हा प्रयत्न झाला. या वेळी ती आणखी ३१ फूट सरकली आणि पुन्हा बसली. विचार करा, नवे राष्ट्र, नवे आरमार आणि राष्ट्राध्यक्षांच्या देखत हा देखावा. 'घोडं एकदाचं गंगेत न्हालं' असे म्हणण्याची घाई कोणालाही झाली असती. परंतु बांधणाऱ्यांनी तिला आणखी रेटण्याचा हट्ट धरला नाही. त्यांनी महिनाभर उतरणीचे काम पुन्हा केले, उतार वाढवला आणि २१ ऑक्टोबर रोजी, उधाणाच्या भरतीला, ती नौका निर्वेधपणे पाण्यात गेली. पुढे १८१२ च्या युद्धात तिने एवढे नाव कमावले, की तिला 'लोहकाय' अशा अर्थाचे टोपणनाव मिळाले. ती आजही बोस्टनच्या बंदरात तरंगते आहे. जी दोनदा रुसून बसली, तिला सव्वादोनशे वर्षांचे आयुष्य लाभले. तिची फजिती फजितीच राहिली, कारण ती होत असताना कोणी आततायीपणा केला नाही.

यानंतर आपण एका महापुरुषाकडे वळू. इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल हा एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडचा थोर स्थापत्यविशारद. रेल्वे, पूल, बोगदे यांत त्याचा हातखंडा होता. आणि जहाजांनी मात्र त्याची काठावर दोनदा शोभा केली.

पहिले जहाज 'ग्रेट ब्रिटन'. लोखंडी अंगाचे आणि मळसूत्री पंख्याने चालणारे हे त्या काळचे सर्वांत मोठे जहाज ब्रिस्टल येथे सुक्या गोदीत बांधले. सुक्या गोदीत उतरणीची भानगड नाही. दरवाजे उघडून पाणी आत घेतले की जहाज जागच्या जागी तरंगते. १९ जुलै १८४३ रोजी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स आल्बर्ट समारंभासाठी आले. प्रथेप्रमाणे एका प्रतिष्ठित बाईंनी मद्याची बाटली जहाजावर फेकली; पण जहाज तोवर पुढे ओढले जाऊ लागले होते, बाटली लागली नाही. तेव्हा राजपुत्राने चपळाईने दुसरी बाटली उचलून स्वतः फेकली आणि नामकरण पार पाडले. येथवर गंमत झाली. खरी गोष्ट पुढेच आहे. बांधता बांधता जहाज मूळ आखणीपेक्षा मोठे झाले होते आणि ब्रिस्टलच्या बंदराचे बाहेर जाण्याचे दरवाजे मात्र होते तेवढेच राहिले होते. जगातले सर्वांत मोठे जहाज तरंगत होते. फक्त ते बाहेर निघत नव्हते. दरवाजे रुंद कोणी करायचे, याची बोलणी लांबत गेली आणि वर्षाहून अधिक काळ ते तेथेच अडकून पडले. १८४४ च्या डिसेंबरात ते बाहेर काढू लागले, तेव्हा भर दरवाजात अडकले. भरती ओसरण्याच्या आत ते मागे ओढून घेतले, दरवाजाच्या काठाचे दगड काढले आणि पुढच्या भरतीला ते सुटले. क्रूसोची होडी ब्रिस्टलमध्ये अवतरली, ती अशी!

ब्रुनेलचे दुसरे जहाज म्हणजे 'ग्रेट ईस्टर्न'. याची हकिकत आपल्याला अधिक जवळची आहे. का, ते पुढे येईलच. पूर्वेकडे आणि ऑस्ट्रेलियाकडे वाटेत कोळसा न घेता जाता यावे, एवढ्यासाठी हे जहाज कल्पिले होते. त्याची लांबी ६९२ फूट होती. लंडनजवळ टेम्स नदीच्या काठी ते बांधले; पण नदी तेथे अरुंद, आणि एवढे लांब जहाज नेहमीच्या रीतीने सोडले तर ते समोरच्या काठावर चढले असते. म्हणून ब्रुनेलने ते नदीला समांतर बांधले आणि आडवेच पाण्यात न्यायचे ठरवले. जवळजवळ बारा हजार टनांचे ते धूड सुसाट सुटू नये यासाठी त्याने लोखंडी रुळांवर पाळणे ठेवले आणि दोन्ही बाजूंना प्रचंड रहाटांवर साखळदंड गुंडाळले. त्याला भीती होती ती जहाज फार जोरात जाईल याची. झाले उलटेच.

३ नोव्हेंबर १८५७ हा दिवस ठरला. ब्रुनेलला शांतता हवी होती. त्याच्या खुणा झेंड्यांनी व्हायच्या होत्या आणि मजुरांचे लक्ष त्या खुणांवर असणे जिवाचे काम होते. इकडे पैशाच्या ओढाताणीत सापडलेल्या कंपनीच्या चालकांनी त्याला न विचारता हजारो तिकिटे विकली. गोदीत जत्रा भरली. अध्यक्षांच्या कन्येने जहाजाचे नाव 'लेव्हायथन' असे ठेवले, तेही लोकांच्या तोंडी बसलेल्या नावाहून निराळे. मग सोडण्याची खूण झाली. जहाज क्षणभर हलले, पिछाडीकडची साखळी ताणली गेली आणि तेथला रहाट गरगर उलटा फिरला. त्याच्या दांड्यांनी मजूर हवेत उडवले. काही जखमी झाले आणि एक वृद्ध मजूर प्राणास मुकला. जहाज चार फुटांच्या आसपास सरकून थांबले. पावसात लोक भिजत घरी गेले.

त्यानंतर नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. कधी काही फूट, कधी काही इंच, कधी काहीच नाही. लोखंडावर लोखंड घासून जणू चिकटून बसे. पाण्याच्या दाबावर चालणारी जेवढी यंत्रे मिळाली तेवढी आणून लावली. त्यांतली काही फुटली. वृत्तपत्रे रोज थट्टा करीत होती आणि न मागितलेले सल्ले टपालाने येऊन पडत होते. अखेर बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंची यंत्रे जोडीला आली आणि ३१ जानेवारी १८५८ रोजी, तीन महिन्यांनी, जहाज तरंगले. या खटाटोपात कंपनी बुडाली. पुढल्या वर्षी, पहिल्या सफरीच्या तोंडावर, ब्रुनेलला जहाजावरच झटका आला आणि १५ सप्टेंबर १८५९ रोजी तो वारला.

येथे तिकिटे विकणारे लोभी आणि ब्रुनेल बिचारा, असा सोपा निवाडा आम्ही देणार नाही. एवढ्या मोठ्या जहाजाला लोखंडी रुळांवरून उतरवण्याची पद्धत पुरती अजमावलेली नव्हती, हा दोष ब्रुनेलचाच होता. परंतु त्या दिवशी आधीच अवघड असलेल्या कामाभोवती जत्रा उभी केली गेली आणि 'आज नाही, उद्या' हे शब्द उच्चारण्याची सोय उरली नाही. मांडव पडला, वऱ्हाड आले, वाजंत्री सुरू झाली, की नवरदेवाची प्रकृती कोण विचारतो?

आता हे जहाज आपल्या जवळचे कसे, ते सांगतो. प्रवासी जहाज म्हणून 'ग्रेट ईस्टर्न' कधीच फायद्यात चालले नाही. पण समुद्रतळाशी तारायंत्राची तार टाकायची तर एवढी लांब तार पोटात घेणारे दुसरे जहाज जगात नव्हते. १८६६ साली त्याने युरोप आणि अमेरिका तारेने जोडले. १८७० च्या आरंभी ते मुंबई बंदरात येऊन उभे राहिले. उन्हाने आतली तार तापू नये म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तार सोडीत ते एडनकडे गेले आणि मुंबई समुद्रमार्गे विलायतेशी जोडली जाऊ लागली. टेम्सच्या काठी तीन महिने लोकांनी ज्याची टर उडवली, त्याने आपल्या शहरात येणारी बातमी आठवड्यांवरून तासांवर आणण्याच्या कामी हातभार लावला.

इथवर आपण बहुतांशी हसलो. आता काठाच्या दुसऱ्या बाजूला पाहू.

२२ सप्टेंबर १९०७ रोजी इटलीत जिनोव्हाजवळच्या रीव्हा त्रिगोझो येथे 'प्रिंचिपेस्सा योलांदा' हे आलिशान प्रवासी जहाज पाण्यात उतरले. सामान्यतः जहाज सांगाड्याच्या अवस्थेत उतरवतात आणि मग आतले काम करतात. येथे चालकांनी सर्व सजावट आधीच पुरी करून घेतली होती. वरचे मजले जड झाले होते आणि तळाशी कोळसा वा नीरम नव्हते. जहाज झोकात घसरले, तरंगले आणि एका कुशीवर कलू लागले. कलल्यावर उघड्या खिडक्यांतून पाणी शिरले आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत ते आडवे होऊन बुडाले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. या जहाजाची बहीण 'माफाल्दा' ही पुढच्या वर्षी पाण्यात सोडली, ती मात्र मोकळ्या सांगाड्याच्या रूपात. एवढे शहाणपण एका जहाजाच्या किमतीला विकत मिळाले.

परंतु हेच शहाणपण चोवीस वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये त्याहून फार मोठ्या किमतीला मिळालेले होते. ३ जुलै १८८३ रोजी ग्लासगोजवळ क्लाइड नदीवर 'डॅफ्नी' नावाचे लहानसे जहाज उतरवले. काम लवकर संपावे म्हणून सुमारे २०० कारागीर जहाजावरच ठेवले होते. जहाज तरंगले की त्यांनी हत्यारे उचलून कामाला लागायचे. जहाज पाण्यात शिरले, डुलले, लोक आणि सुटी पडलेली सामग्री एका बाजूला सरकली आणि काही क्षणांत ते उलटले. १२४ जण बुडाले. त्यांत सुतार होते, लोहार होते, कामावर नुकतीच लागलेली पोरे होती. सरकारने चौकशी नेमली. तीत दिसून आले, की रिकाम्या जहाजाचा तोल किती राहील याचे गणित करण्याची सर्रास रीतच नव्हती. त्या चौकशीनंतर जहाज उतरताना त्यावर कामापुरतीच मोजकी माणसे असावीत आणि तोलाचे गणित आधी व्हावे, हा विचार रूढ झाला. आज कोठल्याही गोदीत जहाज सोडताना त्यावर गर्दी दिसत नाही. त्यामागे त्या १२४ घरांतला आकांत आहे.

जहाजावरची गर्दी आवरली, पण काठावरची कोण आवरणार? २१ जून १८९८ रोजी लंडनमध्ये 'आल्बियन' ही युद्धनौका राजघराण्याच्या उपस्थितीत उतरली. तिला काहीही झाले नाही. परंतु तिच्या प्रचंड धडाने पाणी बाजूला लोटले आणि त्या लाटेने एका फळ्यांच्या मचाणाचा चुराडा केला. तेथे उभे राहणे धोक्याचे आहे असे सांगूनही नीट दिसावे म्हणून त्यावर लोक दाटीवाटीने चढले होते. ३० हून अधिक माणसे गेली, त्यांत बायका आणि मुले पुष्कळ होती. टाळ्यांच्या आणि आरोळ्यांच्या गदारोळात बाकीच्या समुदायाला कितीतरी वेळ काही कळलेही नाही.

या साऱ्यांच्या आधीची, १६२८ सालची स्टॉकहोमची हकिकत याच मालिकेत बसते, जरी ती जलावतरणाची नसून पहिल्या प्रवासाची आहे. स्वीडनच्या राजाची 'वासा' ही तोफांनी लादलेली युद्धनौका निघण्यापूर्वी तिचा तोल पाहण्यासाठी तीस माणसांना डेकवरून या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवले. तिसऱ्या फेरीला नौका इतकी डोलू लागली की नौदलाच्या अधिकाऱ्याने परीक्षा थांबवली. लक्षात घ्या, त्याने परीक्षा थांबवली, प्रवास थांबवला नाही! राजा परदेशी लढाईत गुंतलेला आणि नौकेसाठी उतावीळ. त्याला 'थांबा' असे कळवणार कोण? १० ऑगस्ट रोजी ती निघाली आणि मैलभरही न जाता, वाऱ्याच्या झुळकीने कलून बुडाली. सुमारे तीस माणसे गेली. चौकशीत दोषी असा कोणी ठरला नाही. ठरणार कसा? 'थांबा' हा शब्द उच्चारण्याचे काम कोणा एकाचे नव्हतेच.

आपल्या मुंबईने या बाबतीत जुन्या काळीच एक चांगली वाट धरली होती. १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यानपिढ्या जहाजे बांधली. तेथे सुक्या गोद्या होत्या. मोठी जहाजे त्यांत बांधायची आणि भरतीचे पाणी आत घेऊन ती सावकाश तरंगवायची. बांधणीच्या आरंभी कण्यात चांदीचा खिळा ठोकण्याचा विधी होई. सागवानाची 'त्रिंकोमाली' १८१७ साली तेथून बाहेर पडली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. जहाजाला पाण्याकडे ढकलण्याऐवजी पाण्याला जहाजाकडे बोलावणे, ही ती युक्ती. क्रूसोला जो कालवा खणता आला नाही, तो येथे आधीच खणून ठेवलेला असे! आपली विमानवाहू 'विक्रांत' २०१३ साली कोचीच्या गोदीतून उतरली, तीही याच रीतीने.

म्हणून सुकी गोदी निर्धोक, असे मात्र कोणी समजू नये. ५ डिसेंबर २०१६ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्तीनंतर गोदीबाहेर काढताना 'बेटवा' ही युद्धनौका ठोकळ्यांवरून निसटून कुशीवर पडली. दोघा नौसैनिकांचा मृत्यू झाला. पुढे ती सरळ करण्यात आली. रीत कितीही उत्तम असो, जहाजाचा भार जमिनीवरून पाण्यावर जाण्याची ती घटका दर वेळी नव्याने अवघडच असते.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. मे २०२५ मध्ये उत्तर कोरियाच्या चोंगजिन बंदरात पाच हजार टनांची एक नवी युद्धनौका राष्ट्रप्रमुख किम जोंग उन यांच्यासमोर उतरवण्यात आली. 'ग्रेट ईस्टर्न'प्रमाणेच तिला आडवी उतरवायची होती. पिछाडी आधी घसरली, नाळ उतरणीवरच अडकली आणि नौका कुशीवर लवंडली. राष्ट्रप्रमुखांनी तेथेच हा गुन्हा असल्याचे जाहीर केले. नौकेवर निळी कापडे झाकली गेली, अधिकाऱ्यांना अटक झाली आणि येत्या बैठकीपूर्वी ती दुरुस्त झालीच पाहिजे, असा हुकूम निघाला. जूनमध्ये, महिना उलटण्याच्या आत, तिचे पुन्हा जलावतरण झाले.

बोस्टन आणि चोंगजिन ही दोन बंदरे आता शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे नवी युद्धनौका, दोन्हीकडे राष्ट्राचा प्रमुख हजर आणि दोन्हीकडे नौका अडकली. एकीकडे बांधणाऱ्यांना महिनाभर उतरण पुन्हा तपासण्याची मुभा होती; दुसरीकडे त्यांच्यापुढे तुरुंग आणि मुदत होती. जेथे फजितीला शिक्षा असते तेथे पुढच्या वेळी कारागीर अधिक काळजी घेईल, असे हुकूम देणाऱ्याला वाटते. आमचा समज याच्या उलट आहे. तेथे कारागीर पुढच्या वेळी उणीव अधिक काळजीपूर्वक झाकील. आणि झाकलेली उणीव पाण्याला ताबडतोब कळते. पाणी कोणाची भीड धरीत नाही.

हा विचार जहाजांपुरताच नाही, हे आम्ही सांगायला नको. आपल्या गावी पूल बांधले जातात, पाण्याच्या टाक्या उभ्या राहतात, शाळांच्या इमारती होतात. उद्घाटनाचा मुहूर्त ठरतो, पाहुण्यांची तारीख मिळते, पत्रिका छापल्या जातात, आणि मग काम त्या तारखेच्या मागे धावू लागते. अशा वेळी एखादा गवंडी किंवा एखादा तरुण इंजिनीअर हळूच म्हणतो, 'साहेब, अजून आठ दिवस हवेत.' त्याचे त्या मांडवात काय होते, यावर त्या गावाची परीक्षा आहे. पाहुणे परत गेले, पत्रिका वाया गेल्या, चार लोक हसले, तर ती फजिती झाली. ती सोसता येते. त्याला गप्प बसवले, तर पुढे जे होईल त्याला फजिती म्हणता येईलच असे नाही.

प्रत्येक व्यवसायात अशी एक काठावरची घटका असते. जमिनीवर सर्व काही ठीक वाटत असते, कारण जमीन सर्वांना धरून ठेवते. पाणी कोणाला धरीत नाही. ज्याचा त्याचा तोल ज्याने त्याने सांभाळायचा असतो. ती घटका जवळ आली, की वाजंत्री थोडी थांबवावी, भोवतालची माणसे दूर करावीत, गणित पुन्हा मांडावे आणि ज्याच्या हातात हातोडा आहे त्याला विचारावे, 'सोडू का?' त्याने 'नाही' म्हटले तर ते 'नाही' ऐकून घेण्याइतके मन मोठे असावे. 'कॉन्स्टिट्यूशन' आजही तरंगते आहे, याचे श्रेय तिच्या लाकडाला आहे. तसेच दोनदा हसे झाल्यावरही महिनाभर थांबलेल्या त्या माणसांनाही आहे.